राधा, सीता आणि कलम २५ : डिसेंबर १९९८ची एक गोष्ट

आजचा धागा मोठा आहे. वाचताना घाई करू नये, ही विनंती.

मे १९९८मध्ये सेन्सॉर मंडळाने दीपा मेहता यांच्या ‘फायर’ या चित्रपटास प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले. एकही दृश्य कापले नाही. अट एकच घातली : सीता या पात्राचे नाव बदलून नीता करावे. त्याप्रमाणे हिंदी आवृत्तीत सीतेची नीता झाली. सहा महिन्यांनी चित्रपटगृहांच्या काचा फुटल्या, तेव्हा आरोपपत्रातले पहिले कलम असे होते की नायिकांची नावे राधा आणि सीता का? नावाचा प्रश्न मंडळाने आपल्या परीने आधीच मिटवला होता. पण संतापाला त्याची वार्ता नसावी, किंवा ती असून उपयोग नव्हता.

त्या डिसेंबरमध्ये समलैंगिक व्यक्तींच्या हक्कांचा प्रश्न आणि धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न महाराष्ट्रात प्रथमच एकमेकांत इतके घट्ट गुंतले. गुंतवणारी व्यक्ती होती बाळासाहेब ठाकरे. त्या वेळी माझा जन्मही झालेला नव्हता. पण इतिहासाच्या अभ्यासक्रमात १९९०चे दशक ‘चालू घडामोडी’ म्हणून सोडून दिले जाते, आणि मग आपल्या पिढीला ते केवळ व्हॉट्सॲपवरून कळते. म्हणून हा खटाटोप.

प्रथम चित्रपट. दिल्लीतले एक एकत्र कुटुंब, दोन भाऊ, दोन जावा. थोरला अशोक एका स्वामींच्या नादी लागून ब्रह्मचर्याचे प्रयोग करतो. धाकट्या जतीनचे मन बाहेर गुंतलेले. थोरली राधा (शबाना आझमी) आणि नवी आलेली सीता (नंदिता दास) या दोघी एकमेकींत सोबत शोधतात, मग प्रेम. राधेच्या पदराला अखेर स्वयंपाकघरात आग लागते; ती त्यातून वाचते. रामायणातली अग्निपरीक्षा कथेत उघडपणे विणलेली आहे. म्हणजे नावे योगायोगाने पडलेली नव्हती. मेहता यांना नेमके तेच विचारायचे होते, हे ठाकरे यांनी अचूक ओळखले होते. त्यांचे विरोधक ‘नावांना काही अर्थ नाही’ असे म्हणत, ते मला पटत नाही. नावांना अर्थ होता, म्हणूनच वाद झाला.

१३ नोव्हेंबर १९९८ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला आणि जवळजवळ तीन आठवडे मोठ्या शहरांत बिनबोभाट चालला. त्याच महिनाअखेर दिल्ली आणि राजस्थान या दोन विधानसभा भारतीय जनता पक्षाने गमावल्या. कांद्याच्या भावाने सरकारे पडतात, हा धडा देशाला मिळाला तो त्या निवडणुकीत. केंद्रात वाजपेयींचे आघाडी सरकार होते, त्यात शिवसेना सहभागी होती. महाराष्ट्रात १९९५पासून युतीची सत्ता होती आणि मुख्यमंत्री होते मनोहर जोशी. ऑगस्टमध्ये मुंबई दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला होता. त्यात ठाकरे आणि शिवसेना यांच्यावर ठपका होता, आणि राज्य सरकारने तो फेटाळला होता. या सगळ्याचा ‘फायर’शी थेट कार्यकारणसंबंध होता असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण वातावरण ध्यानात असू द्यावे.

२ डिसेंबर. मुंबईत गोरेगावच्या सिनेमॅक्स चित्रपटगृहावर दोनशेहून अधिक शिवसैनिक चालून गेले. त्यात महिला आघाडी पुढे होती. काचा फुटल्या, भित्तिपत्रके जळाली, प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत देण्यास व्यवस्थापनाला भाग पाडले गेले. ३ डिसेंबरला दिल्लीच्या रीगल चित्रपटगृहात तेच. सुरतेत बजरंग दलाचे कार्यकर्ते काठ्या घेऊन शिरले. सुरत आणि पुणे येथील चित्रपटगृहांनी खेळ थांबवले. कोलकात्यात मात्र प्रेक्षक आणि कर्मचारी यांनीच हल्लेखोरांना हुसकावले आणि खेळ चालू राहिला.

मुंबईत या प्रकरणी २९ जणांना अटक झाली. ज्यांच्या पोलिसांनी अटक केली, त्या मुख्यमंत्र्यांनी मात्र हे कृत्य करणाऱ्यांचे अभिनंदन केले आणि चित्रपटाचा विषय आपल्या संस्कृतीला परका असल्याचे सांगितले. दिल्लीतील आंदोलक महिलांपैकी एकीने आणखी स्पष्ट कारण दिले होते : स्त्रियांच्या शारीरिक गरजा अशा रीतीने भागू लागल्या तर विवाहसंस्था कोसळेल आणि प्रजनन थांबेल. हे वाक्य आज कुणी हसून सोडून देईल. मी सोडणार नाही. विवाहसंस्था केवळ पर्याय नाही म्हणून टिकून आहे, अशी कबुली त्यात दडलेली आहे. आणि ‘फायर’चा आशय त्याहून फारसा वेगळा नव्हता.

ठाकरे यांची भूमिका याहून निराळी आणि राजकीयदृष्ट्या अधिक नेमकी होती. असे संबंध हिंदू कुटुंबातच का दाखवले, असा त्यांचा सवाल होता. पात्रांना मुस्लिम नावे द्यावीत, म्हणजे आपला विरोध मागे घेऊ, अशी तयारी त्यांनी दाखवली.

इथे थोडे थांबू. एखादी गोष्ट अनैतिक असेल, तर ती कोणत्याही नावाच्या स्त्रीने केली तरी अनैतिकच ठरेल. नाव बदलताच आक्षेप विरत असेल, तर आक्षेप कृतीवर नव्हता. तो होता प्रतिमेवर : कोणत्या समाजाच्या स्त्रिया पडद्यावर कशा दिसाव्यात, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा. समलैंगिकता या वादात जवळपास निमित्तमात्र होती. (चित्रपटाच्या शेवटी त्या दोघी भेटतात, ते निजामुद्दिनच्या दर्ग्याच्या आवारात. याकडे त्या गदारोळात कुणाचे लक्ष गेले की नाही, कोण जाणे.)

ठाकरे आणि जोशी या दोघांना धर्म आणि कायदा यांच्या सीमारेषेचा अनुभव नवा नव्हता. तीन वर्षांपूर्वी, ११ डिसेंबर १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल एकाच दिवशी दिले होते. दोन्हींच्या मुळाशी लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३ होते, म्हणजे धर्माच्या नावाने मते मागण्यास बंदी करणारे कलम. पहिला खटला १९८७च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीचा. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले होते. प्रचारसभांत ठाकरे यांनी केलेल्या भाषणांमुळे उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. याच प्रकरणाचा परिणाम म्हणून पुढे १९९९मध्ये ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी काढला गेला. ती मुदत निकालाच्या तारखेपासून मोजली होती. दुसरा खटला मनोहर जोशी यांचा. महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल, असे ते १९९०च्या प्रचारात म्हणाले होते. न्यायालयाने ती केवळ एक आशा मानली आणि त्यांची निवड वैध ठरवली. हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे, हे न्या. वर्मा यांचे सुप्रसिद्ध विधान याच निकालमालिकेतले.

म्हणजे १९९८मध्ये चित्रपटावर बोलणारे हे दोन नेते सामान्य प्रेक्षक नव्हते. धर्माचे नाव सार्वजनिक जीवनात कोठपर्यंत घ्यावे, या प्रश्नावरचा भारतीय कायदा ज्या खटल्यांतून घडला, त्यांच्या केंद्रस्थानी हे दोघे होते. जीवनपद्धती म्हटली की तिच्यात कुटुंब येते, विवाह येतो, स्वयंपाकघर येते. ‘फायर’ नेमका तिथेच शिरला होता.

आता कोल्हापूर.

तुमच्यापैकी बहुतेकांना वेदोक्त प्रकरण ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८९९च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाच्या वेळी राजर्षी शाहू महाराजांसाठी पुरोहित वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे राजारामशास्त्री भागवत यांनी दाखवून दिले. पुरोहिताचे उत्तर ठरलेले होते : महाराज क्षत्रिय नव्हेत, शूद्र, वेदमंत्रांचा अधिकार नाही. पुढे राजोपाध्यांचे इनाम जप्त झाले, प्रकरण ब्रिटिश सरकारपर्यंत गेले, शंकराचार्यांपर्यंत गेले. १९०१मध्ये टिळकांनी ‘केसरी’त ‘वेदोक्ताचे खूळ’ या मथळ्याखाली लिहिले. शीर्षकच सारे सांगते. अखेर १९०५च्या सुमारास करवीरच्या धर्मपीठाने महाराजांचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला. महाराज तिथे थांबले नाहीत. १९२०मध्ये त्यांनी सदाशिवराव बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून पाटगावच्या मौनी महाराजांच्या गादीवर बसवले.

या वादात दोन्ही बाजू धर्मस्वातंत्र्याचीच भाषा बोलत होत्या, हे आपण सहसा विसरतो. राजोपाध्ये म्हणत : माझ्या शास्त्राला जे मान्य नाही, ते करण्यास राजाही मला भाग पाडू शकत नाही. महाराज म्हणत : माझा देवाशी असलेला संबंध कोणत्या मंत्रांनी व्हावा, हे ठरवणारा तू कोण? पहिला दावा धर्माच्या रखवालदाराचा, दुसरा भक्ताचा. कायद्याच्या पुस्तकांत दोन्ही एकाच शब्दाखाली राहतात, पण प्रत्यक्षात त्यांचे पटत नाही.

आणि या लढाईत शाहू महाराजांच्या बाजूने लेखणी चालवणाऱ्यांत एक नाव होते केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या वेदोक्ताच्या अधिकारावरून झालेल्या जुन्या झगड्यांचा इतिहास त्यांनी १९१९मध्ये ‘ग्रामण्याचा साद्यंत इतिहास’ या ग्रंथात मांडला. ‘देवळांचा धर्म आणि धर्माची देवळे’ लिहिणारेही तेच. धर्म ही कोणा एका वर्गाची खासगी मालमत्ता नव्हे, हे त्यांनी आयुष्यभर कडाडून सांगितले. १९६६मध्ये मुलाच्या संघटनेला ‘शिवसेना’ हे नाव सुचवले तेही त्यांनीच.

मुलाने वडिलांचा वारसा सोडला, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह मला झाला होता. माझ्या पहिल्या मसुद्यात तो होताही. मग वाटले, प्रश्न तितका सरळ नाही. प्रबोधनकारांनी पुरोहिताच्या हातातली किल्ली काढून घेतली, ती ‘समाजा’च्या हाती दिली. समाजाच्या वतीने ती किल्ली कोण सांभाळणार, याचे उत्तर त्या पिढीला द्यावे लागले नाही, कारण समोरचा रखवालदार इतका उघड दिसत होता. १९९८मध्ये ती किल्ली एका पक्षाच्या हाती होती. राधा हे नाव कोणत्या कथेत वापरावे याची परवानगी गोरेगावच्या फुटपाथवर ठरत होती; तिथे शास्त्री नव्हता, पोथी नव्हती, पण अधिकार-अनधिकाराची भाषा पंचगंगेच्या घाटावरचीच होती.

आणखी एक गोष्ट, ती कोल्हापूरकरांसाठी. १९९८ची मार्गशीर्ष पौर्णिमा ३ डिसेंबरला होती. मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजे सौंदत्तीची यल्लम्माची यात्रा. कोल्हापूर जिल्ह्यातून एसटीच्या गाड्या भरभरून माणसे डोंगरावर जातात, परतल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा होते. माझी आजी जायची. घरी आंबील, वरण्या-वांग्याची भाजी, भाकरी. आणि दारात चौंडक्याचा आवाज. डोक्यावर जग घेतलेले जोगते लहानपणी आम्ही पाहायचो : साडी नेसलेले, कपाळभर भंडारा, अंगाने पुरुष आणि नावाने देवीचे. आजी त्यांच्या पाया पडायची. ‘हे कोण?’ असे विचारल्यावर उत्तर एकच : देवीचं माणूस.

दिल्लीत रीगलवर चालून जाणारे ‘हे आपल्या संस्कृतीत नाही’ म्हणत होते, त्याच दिवशी सौंदत्तीच्या डोंगरावर आपल्या संस्कृतीतली हजारो माणसे अशा व्यक्तींच्या हातून भंडारा लावून घेत होती. या साम्याला मी जास्त ताणणार नाही. जोगता म्हणजे समलैंगिक पुरुष नव्हे; ती वेगळी ओळख आहे, आणि तिच्यात श्रद्धेइतकीच सक्ती आणि दारिद्र्य आहे. देवाला मुली वाहण्याच्या प्रथेविरुद्ध शाहू महाराजांना १९२०मध्ये कायदा करावा लागला, तो उगीच नव्हे. माझा मुद्दा इतकाच : स्त्री-पुरुषांच्या ठरलेल्या चौकटीबाहेर जगणारे माणूस करवीरच्या देवळाच्या दारात परके नव्हते. त्याला मान होता, आणि मुख्य म्हणजे जागा होती.

मग परके काय होते? कायदा परका होता. भारतीय दंड विधानाचे कलम ३७७ मेकॉलेच्या विधी आयोगाच्या मसुद्यातून आले, १८६०मध्ये संमत झाले आणि १ जानेवारी १८६२पासून लागू झाले. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ ही त्यातली कल्पना इंग्लंडच्या ख्रिस्ती नीतिशास्त्राची. १९९८मध्ये परक्या संस्कृतीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या आंदोलनाच्या पाठीशी कायदा होता तो व्हिक्टोरिया राणीच्या काळातला.

मराठी सार्वजनिक जीवनात या विषयाची चर्चा ‘फायर’ने प्रथम आणली असेही नाही. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७पासून निघत होते. वाचक आपल्या लैंगिक अडचणी लिहून पाठवत आणि कर्वे स्वच्छ भाषेत उत्तरे देत. १९३४मध्ये अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यात समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण प्रश्न विचारणारे वाचक कोण होते, हे पाहा. मराठी मासिक वाचणारी, पोस्टकार्ड लिहिणारी, आपल्याच गावांतली माणसे. त्यांना ते प्रश्न कोणत्याही परदेशी चित्रपटाने शिकवले नव्हते.

१९८१मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी रंगवलेली सुमित्रा ऊर्फ मित्रा दुसऱ्या एका मुलीवर, नमावर, प्रेम करते. स्वातंत्र्याच्या आगेमागेचा काळ, महाविद्यालयीन वातावरण, मराठी मध्यमवर्गीय नावे. ‘फायर’च्या सतरा वर्षे आधी. तेंडुलकरांची ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ ही नाटके ज्या वादळांत सापडली, ती आपल्याला तोंडपाठ असतात. ‘मित्राची गोष्ट’ मात्र क्वचितच कुणाला आठवते. का, याचा विचार मी अजून करतो आहे. कदाचित मित्राचा शेवट दुःखाचा असल्यामुळे प्रेक्षकांना तिची कीव करता आली. राधा आणि सीता मात्र आगीतून वाचतात आणि एकमेकींना भेटतात.

पुन्हा डिसेंबर १९९८कडे वळू. ४ डिसेंबरला चित्रपट फेरविचारासाठी सेन्सॉर मंडळाकडे परत पाठवण्यात आला. ज्याला रीतसर प्रमाणपत्र मिळाले आहे, त्याची पुन्हा तपासणी का? कारण त्याच्या विरोधात काचा फुटल्या होत्या. ५ डिसेंबरला दीपा मेहता, दिलीपकुमार, महेश भट्ट आदींनी सर्वोच्च न्यायालयात सतरा पानी याचिका दाखल केली. चित्रपट सुरक्षितपणे दाखवता यावा, यासाठी संरक्षण मिळावे, ही मागणी. आधार म्हणून राज्यघटनेतली चार कलमे दिलेली होती : १४, १९, २१ आणि २५.

१४ म्हणजे समानता, १९ म्हणजे अभिव्यक्ती आणि शांततेने एकत्र येणे, २१ म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्य. ही तीन अपेक्षितच. पण २५? ते धर्मस्वातंत्र्याचे कलम. चित्रपटाच्या बाजूने त्याचा आधार कसा?

कलम २५ वाचले तर उत्तर सापडते. त्यातला पहिला हक्क ‘धर्म’ नव्हे. तो आहे सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य. त्यानंतर धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा, त्याचा प्रसार करण्याचा हक्क येतो. आणि हे सारे सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. म्हणजे घटनाकारांनी त्या कलमात आधी एकट्या माणसाच्या मनाला जागा दिली, मग समूहाच्या आचाराला. याचिकाकर्ते त्या पहिल्या जागेवर उभे होते. ठाकरे यांच्या युक्तिवादाला धर्मस्वातंत्र्याचे रूप द्यायचे तर ते दुसऱ्या जागेवरून द्यावे लागेल : समाजाच्या श्रद्धेचा मान. शाहू महाराज आणि राजोपाध्ये यांच्यात जी दरी होती, ती इथे एकाच कलमाच्या दोन वाक्यखंडांत येऊन बसली होती.

७ डिसेंबरला दिल्लीत रीगलसमोर मेणबत्त्या घेऊन निदर्शने झाली. बत्तीस संघटना. त्यात काही फलकांवर ‘भारतीय आणि लेस्बियन’ असे लिहिलेले होते. हे शब्द भारतीय रस्त्यावर अशा रीतीने उघडपणे क्वचितच आले होते. बरोबरीने उभ्या असलेल्या अनेकांना ते अडचणीचे वाटले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची लढाई आहे, तीच राहू द्यावी, असा सूर होता. स्वतः मेहता यांनीही आपला चित्रपट समलैंगिकतेवर नसून एकाकीपणावर आहे असे सांगितले होते. म्हणजे त्या स्त्रियांना चित्रपट बंद पाडणारे परके म्हणत होते, आणि चित्रपटाची बाजू घेणारे थोडे मागे उभे राहा म्हणत होते. मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त ओढ वाटते ती या फलक धरणाऱ्या हातांची. त्या निदर्शनांतून ‘कॅम्पेन फॉर लेस्बियन राइट्स’ उभी राहिली. महाराष्ट्रात अशा कामाची पायवाट आधीच पडलेली होती : १९९०पासून ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक, १९९४मध्ये हमसफर ट्रस्ट, पुढे २००२मध्ये पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट.

१२ डिसेंबरला साठेक शिवसैनिक दिलीपकुमार यांच्या बंगल्यासमोर अंतर्वस्त्रांवर बसले. ‘फायर’ अश्लील आहे, हा त्यांचा आक्षेप होता. यावर भाष्य करण्याची गरज नसावी. इतकेच नोंदवतो की मेहता आणि भट्ट यांच्या नावांपुढे निवडले गेले ते दिलीपकुमार यांचे घर, यूसुफ खान यांचे. नावांचा मुद्दा पुन्हा आलाच.

१२ फेब्रुवारी १९९९ रोजी सेन्सॉर मंडळाने चित्रपट पुन्हा मंजूर केला. याही वेळी एकही दृश्य कापले नाही. २६ फेब्रुवारीपासून खेळ सुरू झाले आणि काहीही झाले नाही. ना काचा, ना घोषणा. दोन महिन्यांपूर्वी ज्याने विवाहसंस्था कोसळणार होती, त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिले नाही. कलम २५च्या आधारावर याचिकेने उभा केलेला प्रश्न मात्र तसाच अनुत्तरित राहिला. चित्रपट चालू झाला होता.

पुढचा रस्ता न्यायालयांतून गेला. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर निकाल देताना संमतीने झालेल्या प्रौढांच्या खासगी संबंधांना कलम ३७७मधून वगळले. त्या सुनावणीत विरोधात हस्तक्षेप करणाऱ्यांत भाजपचे माजी खासदार बी. पी. सिंघल होते. निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपिले गेली. त्यांत एक ज्योतिषी, ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड आणि काही ख्रिस्ती संस्था एकाच बाजूला उभ्या होत्या. १९९८मध्ये म्हटले गेले होते की नावे मुस्लिम असती तर हरकत नव्हती. दशकभरात सिद्ध झाले की हरकत तिथेही होती, फक्त ती घेणारे रखवालदार वेगळे होते. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम पुन्हा जिवंत केले. ठाकरे यांचे निधन त्याआधी, नोव्हेंबर २०१२मध्ये झाले होते.

६ सप्टेंबर २०१८च्या नवतेज सिंह जोहर निकालाने ते कलम अखेर संमतीच्या संबंधांपुरते संपले. त्या निकालपत्राचा कणा आहे ‘संविधानिक नैतिकता’ ही संकल्पना : बहुसंख्यांना जे नैतिक वाटते, ते म्हणजे घटनेची नैतिकता नव्हे. हा शब्दप्रयोग भारतीय राज्यघटनेच्या चर्चेत आणला तो ४ नोव्हेंबर १९४८च्या भाषणात, घटनेचा मसुदा मांडताना, डॉ. आंबेडकरांनी. १९३४मध्ये कर्व्यांच्या बाजूने उभे राहून हरलेले वकील तेच.

१ एप्रिल २०२२ रोजी सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडले : १९५४च्या विशेष विवाह कायद्यात बदल करून समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क द्यावा. ते पुढे सरकले नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच हक्क देण्यास नकार दिला आणि निर्णय संसदेवर सोपवला. ९ जानेवारी २०२५ रोजी फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. ज्या विशेष विवाह कायद्यावर हा सारा वाद झाला, त्याचे मूळ १८७२च्या कायद्यात आहे. त्या जुन्या कायद्याखाली लग्न करायचे, तर वधू-वरांना निबंधकासमोर लिहून द्यावे लागे की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, बौद्ध, शीख, जैन, ज्यूही नाही. आपल्या मनाचा जोडीदार हवा असेल तर आधी आपले नाव ज्या घरातले, ते घर सोडा, अशी ती अट होती. १९५४च्या कायद्यात ती उरली नाही.